तंबूतल्या सतरा रात्री

एडवर्ड व्हिंपर हे नाव घेतले की गिर्यारोहणाची आवड असणाऱ्यांना दोन गोष्टी आठवतात. एक, १८६५ मध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर पडलेले पहिले पाऊल. आणि दुसरी, त्याच दिवशी उतरताना झालेला चौघांचा मृत्यू. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र या माणसाची मोठी कामगिरी त्यानंतर चौदा वर्षांनी झाली. ती झाली दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगरावर, तंबूत आडवे पडून, धाप लागलेल्या अवस्थेत. उंचावर माणूस किती चढतो यापेक्षा तो रात्री कुठे झोपतो याला अधिक महत्त्व आहे, हे आज प्रत्येक मोहिमेचा डॉक्टर सांगतो. व्हिंपरच्या आयुष्यात हा धडा फार महाग पडून मिळाला.

लंडनचा तंबू, आल्प्सचा वारा

व्हिंपरचा जन्म २७ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये झाला. अकरा भावंडांत तो दुसरा. वडिलांचा व्यवसाय लाकडावर चित्रे कोरण्याचा. त्या काळी पुस्तकांतली आणि नियतकालिकांतली चित्रे अशा कोरीव ठशांवरून छापली जात. एडवर्ड लहान वयातच वडिलांच्या हाताखाली कामाला बसला. १८६० मध्ये विल्यम लाँगमन या प्रकाशकाला आल्प्सची चित्रे हवी होती, म्हणून वीस वर्षांच्या या कारागिराला स्वित्झर्लंडकडे पाठवण्यात आले. तोवर त्याने मोठा डोंगर पाहिलाही नव्हता. चित्रे काढून तो परतला, पण मन तिकडेच राहिले. दुसऱ्याच वर्षी तो मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी हजर झाला.

४४७८ मीटर उंचीचे हे शिखर तोवर अजिंक्य मानले जात होते. एका दिवसात पायथ्यापासून वर जाऊन परत येणे शक्य नव्हते; मध्ये कुठेतरी रात्र काढावी लागणार होती. १८६१ च्या पहिल्या प्रयत्नात व्हिंपरने बरोबर एक तंबू नेला. लंडनमध्ये उभारून पाहिला तेव्हा तो उत्तम वाटला होता. खिंडीतल्या वाऱ्याने मात्र त्याचे शीड करून टाकले. शेवटी तो उतरवून सगळे त्यावर बसले आणि रात्री तोच अंगाभोवती गुंडाळून झोपले. थंडी अशी की उशाशी ठेवलेल्या बाटलीतले पाणी गोठले.

कारागिराच्या हाताला हे स्वस्थ बसू देणार नव्हते. त्याने स्वतःच्या अनुभवावरून नवा तंबू बेतला. जमिनीवर सुमारे सहा फूट लांब आणि तेवढाच रुंद, समोरून पाहिले तर समभुज त्रिकोण. दोन्ही टोकांना साडेसहा फुटी, लोखंडी टोकाच्या दोन-दोन काठ्या. छताला जाड, कोरे मांजरपाट. तळाला रबर चढवलेले जलरोधक कापड, आणि हे कापड बाजूंनी वर वळवून छताला शिवून टाकलेले. ही शिवण म्हणजेच या तंबूचे मर्म. वारा खालून शिरायला फटच उरत नव्हती आणि आत झोपलेल्यांच्याच वजनाने तंबू जमिनीला धरून राहत होता. चार माणसे मावत, वजन साधारण साडेदहा किलो, आणि दोघांनी मिळून तीन मिनिटांत उभा करता येई. पुढे साठ वर्षांनी, १९२० च्या दशकातल्या एव्हरेस्ट मोहिमांतही याच घडणीचे तंबू वापरले गेले आणि त्यांना व्हिंपर तंबू असेच म्हटले जाई.

हा तंबू वर वाहून नेणारा माणूसही लक्षात राहण्यासारखा होता. ल्यूक मेने हा पायथ्याच्या ब्रॉय गावचा, पाठीला कुबड असलेला गरीब माणूस. त्याच्या वाकलेल्या पाठीवर तंबूची गुंडाळी बसे आणि अवघड जागीही तो डगमगत नसे. व्हिंपर सहसा कुणाची स्तुती करत नसे. मेनेबद्दल मात्र त्याने जिव्हाळ्याने लिहिले आहे.

शर्यत आणि तिची किंमत

१८६२ च्या जुलैत सोबती मिळाले नाहीत म्हणून व्हिंपर एकटाच वर गेला. कड्यावर उभ्या केलेल्या तंबूत त्याने एकट्याने रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी उतरताना त्याचा पाय निसटला. सुमारे दोनशे फूट गडगडत तो एका प्रचंड दरीच्या काठापासून काही फुटांवर अडकला. डोक्याला खोल जखमा झाल्या होत्या, रक्त डोळ्यांत उतरत होते. हाताने दाबून ते थांबेना, तेव्हा त्याने बर्फाचा गोळा जखमेवर लेप लावावा तसा थापला. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाबाने रक्त थांबते. दोन्ही उपाय त्याने नकळत एकदम केले. सुरक्षित जागी पोहोचताच तो बेशुद्ध पडला, शुद्धीवर आल्यावर स्वतःच्या पायांनी खाली आला आणि आठवडाभराच्या आत पुन्हा त्याच डोंगरावर गेला.

तीन वर्षे हेच चालले. बरोबर कधी ज्याँ-आंत्वान कारेल असे, तर कधी हाच कारेल प्रतिस्पर्धी म्हणून समोर असे. हा इटलीच्या बाजूच्या खोऱ्यातला वाटाड्या; डोंगराची उत्तम जाण असलेला, पण मानी. जुलै १८६५ मध्ये कारेल इटालियन चमूबरोबर निघाल्याचे कळताच व्हिंपर घाईने स्वित्झर्लंडच्या बाजूला गेला आणि तिथे भेटलेल्यांना घेऊन सात जणांची तुकडी जमवली. लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, चार्ल्स हडसन, डग्लस हॅडो, मिशेल क्रो हा वाटाड्या आणि पीटर टाउगवाल्डर पिता-पुत्र असे ते सोबती. हॅडो १९ वर्षांचा, डोंगरात जवळजवळ नवखा.

१३ जुलैला दुपार होण्याआधीच त्यांनी सुमारे ३३५० मीटरवर तंबू ठोकला आणि उरलेला दिवस विश्रांती घेतली. १४ तारखेला दुपारी पावणेदोनच्या सुमारास ते शिखरावर होते. झेंडा नव्हता. क्रोने तंबूची काठी बरोबर आणली होती. ती बर्फात रोवून त्याने आपला सदरा तिला बांधला. उतरताना हॅडोचा पाय घसरला, तो क्रोवर आदळला, पाठोपाठ हडसन आणि डग्लस ओढले गेले. टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधला दोर तुटला आणि चौघे हजार मीटरहून अधिक खाली कोसळले. डग्लसचा मृतदेह कधीच मिळाला नाही. व्हिंपर तेव्हा २५ वर्षांचा होता. इंग्लंडमध्ये गिर्यारोहणावर बंदी घालावी का, अशी चर्चा राणीच्या दरबारापर्यंत पोहोचली. चौकशीत कुणालाही दोषी ठरवले नाही, पण त्या दिवसाचा विषय व्हिंपरच्या आयुष्यातून कधी गेला नाही. आल्प्समधल्या धाडसी चढायांचे पर्व त्याच्यापुरते तिथेच जवळजवळ संपले.

चिंबोराझोच्या दुसऱ्या मुक्कामावर

त्यानंतरच्या वर्षांत त्याला एका प्रश्नाने घेरले. विरळ हवेत माणूस जगू शकतो, पण काम करू शकतो का, आणि किती दिवस? आल्प्समध्ये रात्रीचे मुक्काम बहुधा ४००० मीटरच्या आतच असत आणि शिखरावरून त्याच दिवशी खाली येता येई. त्यामुळे उंचीच्या आजाराचा अनुभव व्हिंपरला स्वतःला आला नव्हता. दुसरीकडे १८७५ मध्ये झेनिथ या फुग्यातून आकाशात गेलेल्या तिघा फ्रेंचांपैकी दोघे विरळ हवेतच मरण पावले होते. पॉल बेअर या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हवेचा दाब कमी करता येणाऱ्या कोठीत प्रयोग करून १८७८ मध्ये दाखवून दिले होते की, उंचीवरच्या त्रासाचे मूळ ऑक्सिजनच्या कमतरतेत आहे. कोठीतले प्रयोग मिनिटांचे किंवा तासांचे होते. डोंगरावर दिवसेंदिवस राहिले तर काय होते, हे पाहायला हवे होते.

हिमालयात जायचा विचार राजकीय कारणांनी मागे पडला, पेरू-बोलिव्हियाकडे युद्ध पेटले होते. म्हणून १८७९ च्या अखेरीस व्हिंपर इक्वेडोरला पोहोचला. सोबतीला त्याने कुणाला घ्यावे? मॅटरहॉर्नवरचा जुना प्रतिस्पर्धी ज्याँ-आंत्वान कारेल आणि त्याचा नातलग लुई कारेल यांना. लक्ष्य होते चिंबोराझो, ६२६३ मीटरचा निद्रिस्त ज्वालामुखी. १८०२ मध्ये हुंबोल्ट इथूनच मागे फिरला होता. तेव्हा हा जगातला सर्वांत उंच डोंगर समजला जात असे.

ग्वारांडा हे पायथ्याचे गाव सुमारे २७०० मीटरवर. तिथून २६ डिसेंबरला ते निघाले आणि पहिली रात्र साधारण ४४०० मीटरवर काढली. दुसऱ्या दिवशी सुमारे ५१०० मीटरवर दुसरा मुक्काम पडला. वाटेचा बराच भाग खेचरांवर बसून झाला होता. अंगमेहनत फारशी नव्हती. तरीही पोहोचल्यावर तासाभरातच व्हिंपर आणि दोन्ही कारेल आडवे झाले. डोके फुटेल असे दुखत होते, अंगात ताप होता, अन्नाची वासना नव्हती. तहान भयंकर, पण पाणी गिळायलाही श्वास थांबवणे जमत नव्हते. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे तोंड उघडे ठेवून तिघे धापा टाकत पडून होते.

चौथा माणूस मात्र ठणठणीत होता. पेरिंग नावाचा हा दुभाषी बरीच वर्षे इक्वेडोरमध्ये राहिलेला, अशक्त प्रकृतीचा. सपाट रस्त्यावरही थोडे चालून बसायची जागा शोधणारा. तोच चूल पेटवत होता, बर्फ वितळवत होता आणि युरोपातल्या नामांकित गिर्यारोहकांची शुश्रूषा करत होता. व्हिंपरने पोटॅशियम क्लोरेट हे त्या काळी सुचवलेले औषध घेतले. ज्याँ-आंत्वानचा डॉक्टरी औषधांवर विश्वास नव्हता. हगवण असो, ताप असो की उंचीचा आजार, त्याच्या मते रेड वाइन हा सर्वांवर उतारा. त्या औषधाने उंचीचा आजार बरा होत नाही. आणि मद्याने तर झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

उपाय एकच ठरला : तिथेच थांबणे. दोन-तीन दिवसांत कारेल उठून फिरू लागले, मागोमाग व्हिंपरही सावरला. मग सुमारे ५३०० मीटरवर तिसरा मुक्काम हलवला. ३ जानेवारीला वाऱ्याने परतवले. ४ जानेवारी १८८० रोजी, गळ्यापर्यंत येणाऱ्या भुसभुशीत बर्फातून अक्षरशः रांगत, पावणेचारच्या सुमारास ते शिखरावर पोहोचले. वायुभारमापकातला पारा १४.१ इंच होता. समुद्रकिनारी तो ३० इंचांच्या आसपास असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात त्यांना निम्म्याहून कमी ऑक्सिजन मिळत होता. तंबूत परतायला रात्रीचे नऊ वाजून गेले. लुईच्या पायांना हिमदंश झाला.

खाली उतरेपर्यंत त्या डोंगरावर सतरा रात्री झाल्या होत्या : पहिल्या मुक्कामावर एक, दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर सहा. मॅटरहॉर्नसाठी घाईने माणसे जमवून धावणारा व्हिंपर इथे दिवस मोजत तंबूत बसला होता आणि श्वास, ताप, भूक यांच्या नोंदी करत होता.

शरीर रात्री काय करते

त्या दहा रात्रींत काय घडले, हे आज नीट सांगता येते. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ ऑक्सिजनची पातळी ओळखणारे सूक्ष्म अवयव असतात. ऑक्सिजन घटला की ते मेंदूला खबर देतात आणि श्वास वाढतो. पण भरभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. झोपेत ही ओढाताण उघडी पडते : काही खोल श्वास, मग काही क्षण श्वासच बंद, पुन्हा दचकून खोल श्वास. म्हणून दिवसापेक्षा रात्री ऑक्सिजन अधिक घसरतो आणि सकाळी डोके जड वाटते.

हा लगाम मूत्रपिंडे सोडवतात. रक्तातला जादा अल्क ती लघवीवाटे बाहेर टाकतात, पण त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. रक्तातले हिमोग्लोबिन पुरेसे वाढायला तर आठवडे लागतात. ही कामे गतीने करून घेण्याचा व्यायाम नाही. एका ठरावीक उंचीवर तंबू टाकून राहणे हीच शरीराला दिलेली मुदत.

आजचा नियम असा : ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावे. दिवसा त्याहून वर चढून परत खाली झोपायला आले तर चालते. या हिशेबाने ग्वारांडापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत जायला आठवडाभर हवा होता. व्हिंपरच्या तुकडीने ते दोन दिवसांत केले. त्या वेगाने जाणाऱ्यांपैकी काहींच्या फुप्फुसांत पाणी होते, काहींच्या मेंदूला सूज येते आणि दोन्ही जीवघेणी ठरतात. तिघेही बचावले, यात नशिबाचा वाटा मोठा होता.

ज्वालामुखीच्या तोंडावर

एकदा निभावले म्हणजे शरीर सरावले असे होते का, हे तपासायला व्हिंपरने कोटोपाक्सी निवडला. हा ज्वालामुखी जागता होता. १८ फेब्रुवारी १८८० रोजी त्याने विवराच्या कडेखाली, ५९०० मीटरच्या आसपास, राखेच्या उतारावर तंबू उभा केला आणि सलग २६ तास त्या उंचीवर काढले. रात्री रबर जळल्याचा वास आला. पाहतात तर तंबूच्या तळाचे कापड खालच्या गरम राखेने वितळू लागले होते. तंबूच्या एका बाजूला जमिनीवर सुमारे ४३ अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या बाजूला दहा. अंधारात तो रांगत विवराच्या कडेशी गेला आणि खाली धगधगणारा अग्नी पाहून आला.

प्रकृतीच्या नोंदी त्याहून मोलाच्या होत्या. सात आठवड्यांपूर्वी ५१०० मीटरवर कोसळलेली माणसे आता त्याहून ८०० मीटर वर होती आणि तो आजार उलटला नव्हता. पुढे अँटिसाना, कायांबे अशी शिखरे चढून जुलैत व्हिंपर पुन्हा चिंबोराझोच्या माथ्यावर गेला. त्याचा निष्कर्ष दुहेरी होता. सुरुवातीचा तीव्र त्रास मुक्कामाने ओसरतो. पण अंगातली ताकद पूर्ववत होत नाही, चाल मंदच राहते. कारणमीमांसेत तो थोडा चुकला. शरीरातले वायू कमी दाबाने प्रसरण पावतात, याला त्याने जास्त महत्त्व दिले. निरीक्षण मात्र खरे निघाले. १९६०-६१ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात ५८०० मीटरवर शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने एका झोपडीवजा घरात राहिले, तेव्हा त्यांची वजने घटतच गेली. माणसाची कायमची वस्तीही सुमारे ५१०० मीटरच्या वर आढळत नाही.

इक्वेडोरच्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १८९२ मध्ये आले आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला पदक दिले. त्याआधी दोन वर्षे ज्याँ-आंत्वान कारेल गेला होता. मॅटरहॉर्नवर वादळात सापडलेल्या आपल्या माणसांना सुखरूप खाली आणून पायथ्याजवळ त्याने प्राण सोडला. व्हिंपरचे उत्तरायुष्य एकाकी गेले. छायाचित्रे आली आणि लाकडी ठशांचा धंदा बसला. दारू वाढली. पासष्टी ओलांडल्यावर त्याने लग्न केले, एक मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. सप्टेंबर १९११ मध्ये शामोनीच्या एका हॉटेलात तो आजारी पडला, खोलीचे दार लावून घेतले आणि डॉक्टरला आत येऊ दिले नाही. १६ सप्टेंबरला, वयाच्या ७१ व्या वर्षी, तो तिथेच वारला. त्याची कबर त्याच गावात आहे.

आज काय लक्षात ठेवावे

मुंबईहून विमानाने निघालेला माणूस काही तासांत साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरतो. त्याने पहिले दोन दिवस तिथेच विश्रांती घ्यावी. त्याच दिवशी पुढची खिंड गाठण्याचा बेत करू नये. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्यांनीही गाफील राहू नये. कळसूबाई १६४६ मीटरची आहे. तिथल्या सरावाने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. चिंबोराझोवर आजारी पडले ते धट्टेकट्टे वाटाडे आणि उभा राहिला तो पेरिंग, हे विसरू नये.

डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर असेल तर बरे वाटेपर्यंत त्याहून वर झोपायला जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला तर रात्र असली तरी रुग्णाला ताबडतोब, कुणाची तरी सोबत देऊन खाली न्यावे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य टाळावे. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवून झोपू नये. वारा शिरू न देणारा तंबू कार्बन मोनॉक्साइडही बाहेर जाऊ देत नाही, आणि या वायूला वास नसतो. सहलीचा कार्यक्रम हातात आला की दिवसभरात कोणती ठिकाणे पाहायची याआधी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची विचारावी. दोन मुक्कामांत ५०० मीटरहून जास्त फरक दिसला तर मध्ये एक रात्र वाढवून घ्यावी.